सुबाभळीचे लाकूड धनुष्याला चालेल का?

कानस

नमस्कार मंडळी.

एका अखंड लाकडातून धनुष्य तासण्याचा छंद मला काही वर्षांपासून आहे. या विषयावर वाचायला बसले की यू, ऑसेज ऑरेंज, एल्म, ॲश, हिकरी अशी तीच ती नावे समोर येतात, आणि त्यांतले एकही झाड माझ्या आवाक्यात नाही. आवाक्यात आहे ती सुबाभूळ. ही मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. चारा, सरपण आणि जमिनीला नत्र देणारे झाड म्हणून १९७० आणि १९८०च्या दशकांत तिचा जगभर गाजावाजा झाला आणि पुढे ती लावणाऱ्यांच्या हाताबाहेर गेली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आज तिचे नाव आहे. म्हणजे तोडल्याचे पाप नाही आणि पुरवठ्याला तोटा नाही.

एका बांधावरचे सुबाभळीचे रान साफ होत असताना मालकाला विचारून मी सहा ओंडके बाजूला काढून घेतले. सर्वांत बारीक मनगटाएवढा आहे, तर सर्वांत जाड मांडीएवढा. झाड ऐन वाढीत असल्यामुळे साल ओल्या फडक्यासारखी निघून आली आणि खालचे लाकूड गुळगुळीत, ओलसर पिवळे दिसले. जाड ओंडक्यांच्या मध्यभागी मात्र तांबूस तपकिरी गाभा आहे. कापलेल्या तोंडावर वर्षवलये शोधली, पण स्पष्ट अशी काही दिसली नाहीत. पाचरी ठोकून उभे चिरले तेव्हा चार ओंडके सरळ फाटले. उरलेल्या दोघांत मात्र चीर दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत चार बोटे बाजूला सरकली होती.

हे लाकूड धनुष्याचे काम सोसेल का, आणि सोसेल की नाही हे ठरवायचे कसे? कोणी वापरले असल्यास अनुभव सांगावा, नसल्यास परीक्षा कशी घ्यावी ते सांगावे. ओंडके वाळेपर्यंत माझ्याकडे वेळ आहे.

हंगाम

राग नसावा, पण जे झाड वर्षभरात माणसाच्या डोक्यावर जाते त्याचे लाकूड भुसभुशीत असणारच. सुबाभूळ कागदाच्या लगद्याला जाते आणि चुलीत जाते. तिची धनुष्ये होत असती तर आजवर कोणीतरी केलीच असती. पन्नास तास तासत बसायचे आणि शेवटी हातात सरपण उरायचे, त्यापेक्षा एखादा पक्का बांबू पाहावा.

पटाशी

हंगाम यांच्या प्रतिसादात दोन वेगळी विधाने एकत्र आली आहेत. झाड तण आहे हे एक, आणि ते झपाट्याने वाढते हे दुसरे. दोन्हींचा निकाल वेगळा लावावा लागेल.

झाड कुठे आणि किती पसरते एवढेच ‘तण’ या शब्दाने कळते. त्याच्या तंतूंविषयी त्यातून काहीच कळत नाही. ब्लॅक लोकस्ट हे पूर्व उत्तर अमेरिकेतले झाड युरोपात आक्रमक म्हणून बदनाम आहे, आणि तरीही धनुष्य तासणारे ते आवडीने घेतात. ऑसेज ऑरेंजचा मूळ मुलूख टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्सा यांच्या आसपासचा, तसा लहानसा. १९व्या शतकात कुंपणासाठी ते दूरवर लावले गेले आणि अनेक ठिकाणी रानटी झाले. पण फ्रेंचांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थच ‘धनुष्याचे लाकूड’ असा आहे. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ मध्ये सापडलेली, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्ये एल्मची आहेत, आणि त्याच कुळातला सायबेरियन एल्म आज उत्तर अमेरिकेत उपद्रवी झाड म्हणून उपटला जातो. तेव्हा झाडाचा लौकिक बाजूला ठेवून आपण फक्त लाकडाकडे पाहावे.

झपाट्याने वाढलेले लाकूड हलकेच असते, हा समजही सरसकट खरा नाही. ॲश किंवा ब्लॅक लोकस्ट यांच्यासारख्या झाडांत प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांचा पट्टा असतो. त्या पट्ट्याची रुंदी फारशी बदलत नाही, त्यामुळे वलय रुंद झाले की भरीव भाग वाढतो आणि लाकूड बहुधा अधिक जड होते. सुबाभळीत छिद्रे सर्वत्र विखुरलेली असतात, म्हणून तिथे वाढीच्या वेगावरून काही अनुमान काढण्यात अर्थ नाही. तराजू काढावा आणि वजन करावे.

आता धनुष्य लाकडाकडून काय मागते ते पाहू. दोरी ओढली की तिरंदाजापासून दूर असलेली बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि त्याच्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. बहुतेक लाकडे ओढ जितकी सोसतात त्याच्या साधारण निम्म्यानेच दाब सोसतात. म्हणून नवशिक्याला भीती पाठ तुटण्याची असली, तरी बहुतेक धनुष्ये पोटाने हरतात. ती तुटत नाहीत, थकतात. पोटाचे तंतू चेपले जातात, दोरी उतरवल्यावरही भुजा वाकलेल्याच राहतात, आणि हा कायमचा बाक वाढला की बाणाचा वेग उतरतो. नव्या लाकडाची परीक्षा घेताना ‘तुटते का’ यापेक्षा ‘वाकवून सोडल्यावर किती परत येते’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

त्यासाठी संपूर्ण धनुष्य तासण्याची गरज नाही. सालीलगतच्या लाकडाची, करवतीने न कापता फाळी पाडून घेतलेली, ७०० मिमी लांब, २० मिमी रुंद आणि १० मिमी जाड अशी पट्टी रंध्याने साफ करावी. ती पूर्ण वाळल्यावर तिचे वजन करावे. एवढ्या पट्टीचे आकारमान १४० घनसेंटिमीटर होते, तेव्हा ग्रॅममधल्या वजनाला १४० ने भागले की घनता हाती येते. मग एकमेकांपासून ६०० मिमी अंतरावरच्या दोन आधारांवर ती सालीकडची बाजू खाली करून ठेवावी आणि बरोबर मध्यावर वजन टांगावे. ६०० मिमीच्या अंतरावर १० मिमी जाडीची पट्टी मध्यभागी ६० मिमी खाली वाकली की तिच्या पृष्ठभागाचे तंतू १ टक्का ताणले किंवा दाबले गेलेले असतात. हिशेब सोपा आहे: जाडीला वाकाने गुणावे, त्याला सहाने गुणावे आणि आधारांमधल्या अंतराच्या वर्गाने भागावे. पूर्ण ओढलेल्या धनुष्यातही तंतूंवर ०.८ ते १ टक्क्याच्या आसपासच भार येतो, म्हणून हा आकडा कामाचा आहे.

आधी ३० मिमी, मग ४५, मग ६०. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबावे, वजन काढावे, आणि पट्टी किती वाकडी राहिली ते सरळ पट्टीला लावून मोजावे. माझा ढोबळ ठोकताळा असा आहे की ६० मिमीनंतर दोन मिमीपर्यंत बाक राहिला तर लाकूड उत्तम, पाच-सहा मिमी राहिला तर धनुष्य लांब आणि रुंद करावे लागेल, आणि ४५ मिमीलाच पट्टी मोडली तर विषय संपला. शेवटी पट्टी मोडेपर्यंत वाकवावी आणि मोडलेली टोके नीट पाहावीत. लांब, केसाळ, वितभर चिरफळ्या निघाल्या तर लाकूड चिवट आहे. काकडी मोडावी तशी आडवी, स्वच्छ मोडली तर त्या लाकडापासून दूर राहावे, मग त्याची घनता कितीही असो.

नवशिका

माझा बाळबोध प्रश्न आहे. घनता कळली की पुरे नाही का? जड लाकूड मजबूत असते असेच मी आजवर ऐकत आलो आहे.

पटाशी

घनतेवरून दिशा कळते, निकाल कळत नाही. मेस्क्विट गटातली झाडे, म्हणजे विलायती बाभळीचे सगळे भाऊबंद, चांगलीच जड असतात आणि वाळताना फार कमी आकसतात, म्हणून खुर्ची-टेबलाला ती उत्तम. पण त्यांचे लाकूड वाकवायला गेले की ठिसूळ निघते, तंतू आडवेतिडवे असतात आणि सरळ हातभर तुकडा मिळता मिळत नाही. उलट यू काही फार जड लाकूड नव्हे, पण ते ताठपणाच्या मानाने खूप वाकते. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्लिश जहाज १९८२ मध्ये वर काढले गेले, त्यावर मिळालेली शंभराहून अधिक युद्धधनुष्ये याच लाकडाची आहेत. लाकूड किती ताठ आहे आणि किती वाकून परत येते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या दुसरीविषयी तराजू मुका आहे.

आडवा छेद

माझे काम लाकडाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे आहे, धनुष्य मी हातातही धरलेले नाही. तेव्हा फक्त लाकडापुरते बोलतो. कानस यांनी पट्ट्या काढण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली पिळाची. चीर चार बोटे सरकलेले दोन ओंडके पिळाचे आहेत. त्यांतून सरळ पट्टी तासली तर तंतू पट्टीच्या एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडतील आणि ताण आला की तिथूनच चिरफळी उचलली जाईल. पिळाचे लाकूड पिळासकट वापरणारे लोक आहेत, पण अनोळखी लाकडाच्या पहिल्या परीक्षेत ही भानगड नको.

दुसरी गोष्ट वयाची, आणि माझ्या मते ती इथे सर्वांत महत्त्वाची आहे. कोणत्याही खोडात मध्यरेषेजवळ, झाड कोवळे असताना तयार झालेले लाकूड पुढच्या वर्षांच्या लाकडापेक्षा वेगळे असते. त्याच्या पेशीभित्तिकांतले सूक्ष्म धागे खोडाच्या उभ्या दिशेशी मोठा कोन करतात, त्यामुळे ते कमी ताठ असते आणि वाळताना लांबीतही आकसते. मनगटाएवढा ओंडका म्हणजे जवळपास सगळेच असे कोवळे लाकूड. ‘सुबाभूळ हलकी’ हे मत ज्यांनी दोन-तीन वर्षांची काठी पाहून बनवले, त्यांनी सुबाभूळ पाहिलीच नाही असे मी म्हणेन.

तिसरी गोष्ट, खोड कलते होते का? रुंदपर्णी झाडे कललेल्या खोडाच्या वरच्या बाजूला एक वेगळे, ओढ धरणारे लाकूड तयार करतात. कापल्यावर त्याचा पृष्ठभाग लोकरीसारखा केसाळ राहतो आणि वाळताना ते लांबीत जास्त आकसते, म्हणून एका बाजूला ते असलेली फळी धनुकलीसारखी वाकते. सुबाभळीची गर्दी असली की कडेची झाडे उजेडाकडे कलतात, तेव्हा मधल्या सरळ झाडांचे ओंडके निवडलेले बरे.

कानस

सर्वांचे आभार. सहापैकी दोन ओंडके पिळाचे म्हणून आणि एक कललेला म्हणून बाजूला ठेवला आहे, पण पिळाच्या एकातून एक पट्टी मुद्दाम काढणार आहे. बाकीच्यांची तोंडे पहिल्याच दिवशी सरसाचे दोन हात देऊन बंद केली होती. तरीही मांडीएवढ्या ओंडक्याच्या एका तोंडाला केसाएवढी चीर गेली आहे. वाळवण्यासाठी आणखी काही करावे का?

वाकस

ओंडका तसाच ठेवू नका. चिरलेल्या फाळीचे पोटाकडचे लाकूड आत्ताच काढून ती ३० मिमी जाडीवर आणा आणि सरळ फळीला तीन ठिकाणी दोरीने करकचून बांधून सावलीत ठेवा. पातळ झाल्यावर ती लवकर वाळते आणि बांधलेली असल्यामुळे मुरडत नाही. सोबत त्याच लाकडाचा एक तुकडा ठेवून त्याचे दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. लागोपाठ तीन आठवडे वजन हलले नाही की लाकूड हवेच्या ओलाव्याशी जुळले असे समजा.

घाई मात्र करू नका. लाकडातला ओलावा १ टक्क्याने वाढला तर त्याचे दाब सोसण्याचे बळ सुमारे ५ टक्क्यांनी उतरते, ताठपणा मात्र जेमतेम २ टक्क्यांनी. म्हणजे ओलसर धनुष्य हाताला जवळजवळ ठीकच लागते आणि आतून पोट चेपत राहते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात ९ टक्क्यांच्या आसपास ओलावा राहतो, ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांच्या आसपास. दमट दिवसांत घेतलेली परीक्षा आणि कोरड्या दिवसांत घेतलेली परीक्षा यांची तुलना करू नये.

आणि किडीचे पाहा. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असते, त्यावर भुंगेरे येतात. साल काढली आहे हे चांगलेच झाले. फळीखाली बारीक पीठ पडलेले दिसले तर ते लाकूड घरातल्या इतर लाकडांपासून लगेच दूर करा.

कानस

आठ आठवड्यांनी लिहितो आहे. तुकड्याचे वजन शेवटच्या तीन नोंदींत हलले नाही, म्हणून काल पट्ट्या मोडल्या.

चार पट्ट्या होत्या. पहिल्या दोन मांडीएवढ्या ओंडक्याच्या सालीलगतच्या. त्यांची वजने ९२ आणि ९० ग्रॅम भरली, म्हणजे घनता ०.६५ च्या आसपास. तिसरी मनगटाएवढ्या ओंडक्याच्या मध्याजवळची, ७३ ग्रॅम, घनता ०.५२. एकाच प्रजातीत, एकाच बांधावर एवढा फरक मला अपेक्षित नव्हता. चौथी पट्टी पिळाच्या ओंडक्याची होती आणि तिचे वजन पहिल्या दोघींसारखेच होते.

दोन खुर्च्यांवर आधार ठेवले, मध्यभागी बादली टांगली आणि तांब्याने पाणी ओतत गेलो. पहिल्या पट्टीला ३० मिमी वाकवायला बादलीसकट ११ किलो लागले. सोडल्यावर ती पूर्ण सरळ झाली. ४५ मिमीनंतर एक मिमी बाक राहिला, ६० मिमीनंतर तीन. नंतर ती मोडेपर्यंत ओतत राहिलो. ९२ मिमीला ती चरचरत गेली आणि खालच्या बाजूने वितीएवढी लांब चिरफळी सुटली. तुटलेले टोक हातात घेतले तर झाडूसारखे केसाळ होते. दुसरी पट्टी जवळजवळ तशीच वागली.

तिसरीची गोष्ट वेगळी. ४५ मिमीलाच तिच्यात चार मिमी बाक राहिला. ६० मिमीच्या आसपास वरच्या बाजूवर, बरोबर बादलीच्या दोरीपाशी, बारीक आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या. बोट फिरवले तर नखाला लागत होत्या. ७० मिमीच्या अलीकडेच ती मोडली, आवाजही न करता. चौथी ५० मिमीला कडेने सोलली गेली, आडवा छेद यांनी सांगितले होते अगदी तशी.

एक चूकही सांगून टाकतो. दुसऱ्या पट्टीला ३० मिमीला साडेबारा किलो लागले तेव्हा मला वाटले की हे लाकूड जास्त ताठ आहे. कॅलिपर लावल्यावर कळले की मधली जाडी १० नसून १०.४ मिमी होती.

पटाशी

ही चूक सगळ्यांची होते. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ०.४ मिमीने साडेबारा टक्क्यांचा फरक पडतो. तेवढा वजा केला की दोन्ही पट्ट्या एकाच मापात बसतात. ११ किलोच्या नोंदीवरून ताठपणा सुमारे ९७०० मेगापास्कल निघतो, म्हणजे लाकूड मध्यम ताठ. १ टक्क्याला तीन मिमी बाक हे उत्तम नाही, पण वाईट मुळीच नाही. जाड ओंडक्याचे बाहेरचे लाकूड वापरण्याजोगे आहे. बारीक काठ्या सरपणात टाकाव्यात.

आता रुंदीचा विचार करावा. धनुष्याची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो आणि तंतूंवरचा ताण मात्र तेवढाच राहतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, पण त्याच वाकाला तंतूंवरचा ताणही दुप्पट होतो. म्हणून पोट कमजोर असेल तर जाडी कमी ठेवून रुंदी आणि लांबी वाढवायची, हा सगळा मार्ग आहे. ऑसेज ऑरेंजला ज्या कामासाठी ३८ मिमी रुंदी पुरते, तिथे या लाकडाला ५० मिमी द्यावी. लाकूड चांगले की वाईट हा वाद मला म्हणूनच फारसा रुचत नाही. बहुतेक लाकडांच्या बाबतीत खरा प्रश्न ‘किती रुंद’ एवढाच असतो. (काकडीसारखी मोडणारी लाकडे याला अपवाद.)

हंगाम

पट्ट्यांचे निकाल पाहून माझे ‘भुसभुशीत’ हे विधान मी मागे घेतो, निदान जाड ओंडक्यापुरते. पण पाठीला बांबूची पट्टी चिकटवली तर सगळीच चिंता मिटेल ना? बांबूची ओढ सोसण्याची ताकद कोणीही नाकारणार नाही.

पटाशी

चिंता वाढेल. या लाकडाची पाठ ९२ मिमीपर्यंत टिकली, म्हणजे दीड टक्क्याच्या पुढे. तिला मदतीची गरजच नाही. कमजोर आहे ते पोट. ताठ बांबू पाठीला लावला की वाकण्याची मध्यरेषा पाठीकडे सरकते आणि पोटाला आधीपेक्षा जास्त दाब सोसावा लागतो. बलवान पाठ कमजोर पोटाला चिरडते. बांबू लावायचाच असेल तर तो कडेला कागदासारखा पातळ करून लावावा लागतो, आणि मग हवाच कशाला? उलट ब्लॅक लोकस्टसारख्या, ओढीत बलवान पण दाबात हळव्या लाकडांसाठी लोक पाठच अरुंद करतात. आडवा छेद घेतला तर समलंब चौकोन दिसतो, पाठीकडे निमुळता आणि पोटाकडे रुंद. तेच इथे करून पाहावे.

वाकस

सहमत आहे, पण थोड्या सावधगिरीने. मांडीएवढ्या ओंडक्याचीही पाठ नैसर्गिक गोलाईची असते, म्हणजे ओढ मधल्या उंच रेषेवर एकवटलेलीच असते. पाठ आणखी अरुंद करायची तर कडा किंचितच उतरवाव्यात. सालीखालचा गुळगुळीत पृष्ठभाग मात्र कानशीने चुकूनही खरवडू नये. या झाडात वलये दिसत नाहीत, म्हणजे एकाच वलयाचा माग काढत पाठ उघडण्याची सोय इथे नाही. निसर्गाने दिलेला तो एकच अखंड थर हाताशी आहे.

वाक सारखा करताना धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला लावून दोरी कप्पीवरून घ्यावी आणि दोन मीटर लांब उभे राहून ओढावी. माझे एक धनुष्य छातीशी धरून ओढताना मोडले आणि त्याचे वरचे टोक भुवईवर लागले. तेव्हापासून अनोळखी लाकूड मी हातात धरून पहिल्यांदा ओढत नाही.

नवशिका

पण बारीक काठ्या सरपणात टाका म्हणता, आणि तोडलेल्या सुबाभळीच्या बुंध्यातून तर सरळसोट धुमारेच ढीगभर येतात. ते मुद्दाम वाढू दिले तर?

आडवा छेद

धुमारे सरळ येतात हे खरे, पण मुद्दा जाडीचा नाही, मध्यरेषेपासूनच्या अंतराचा आणि काळाचा आहे. बुंध्यावर एखाद-दुसराच धुमारा राखून तो पाच-सात वर्षे वाढू दिला तर त्याचे बाहेरचे लाकूड वेगळे असेल. मात्र शेंगा धरू देऊ नयेत. या झाडाचे टणक कवचाचे बी मातीत वर्षानुवर्षे टिकते, आणि एका धनुष्यासाठी बांधभर तण हा सौदा आतबट्ट्याचा आहे. ओंडके नेतानाही शेंगा तिथेच झाडून ठेवाव्यात.

कानस

धनुष्य झाले. १७० सेंटीमीटर लांब, मुठीच्या दोन्ही बाजूंना ५० मिमी रुंद, टोकांकडे १२ मिमीपर्यंत निमुळते, कडा किंचित उतरवलेल्या. २६ इंच ओढीला काट्यावर ३४ पौंड दाखवते. कप्पीवर ओढताना खालच्या भुजेत मुठीपासून वितीवर एक ताठ जागा राहिली होती. ती काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण हे लाकूड रंध्याला उलट्या बाजूने उपटते. शेवटी रंधा ठेवून दिला आणि काचेच्या तुकड्याने खरवडत बसलो.

पहिल्या शंभर बाणांनंतर दोरी उतरवली तेव्हा टोके मुठीच्या रेषेपेक्षा साडेतीन सेंटीमीटर आत आली होती, आणि पुढच्या दोनशे बाणांत त्यात फारशी भर पडली नाही. पोटावर भिंग धरून सुरकुत्या शोधल्या. वरच्या भुजेत, गाठीच्या बाजूला, एकच सापडली, नखाएवढी. ती गाठ तासताना मी भोवती लाकूड जास्त ठेवायला हवे होते. सपाट करण्याच्या नादात ते काढून टाकले.

दमट आठवड्यात तेच धनुष्य ३१ पौंडांवर आले, म्हणून आता त्याला जवसाच्या तेलाचे हात देतो आहे.

पटाशी

तेलाने ओलावा शिरण्याचा वेग कमी होईल, शिरायचा थांबणार नाही. मेण किंवा वार्निश जास्त उपयोगी. सुरकुतीवर लक्ष ठेवा आणि तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड केसभर पातळ करून वाक वाटून द्या. साडेतीन सेंटीमीटर बाक तुमच्या पट्टीच्या निकालाशी जुळतो. दुसरी फाळी शिल्लक आहे ना?

कानस

आहे, त्याच ओंडक्याची दुसरी बाजू. ती अजून फळीला बांधलेलीच आहे. या वेळी १७८ सेंटीमीटर लांबी आणि ५४ मिमी रुंदी आखली आहे. मधोमध एक गाठ येते, ती मुठीत घेणार आहे.